दादाचा आवाज

मनगटावर दातांची जांभळी कोर. दात विकतचे, चावा अस्सल.

भिंतीवरून ओघळणारं दूध.

"तुझा हात म्हणजे लोणी," वस्तऱ्याखाली मान देऊन गिऱ्हाईक म्हणतं.

अंघोळ घालायला आलेला मेलेला माणूस.

तर हे सगळं एकाच न्हाव्याच्या वाट्याचं. घरात त्याला बाळ्या म्हणत. आता घरात उरले वडील, आणि त्यांना तो दादा वाटायचा. दादा म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ. पट्ट्याने फोडून काढणारा, मरून जमाना झालेला. बाळ्या दिसला की म्हातारा जीव खाऊन लढे. लाथा, बुक्क्या, थुंकी.

"बाबा, मी बाळ्या."

"चल हट! बाळ्या एवढासा आहे. शाळेत गेलाय."

एकदा तांब्या भिरभिरत आला. भुवई फुटली. डोळ्यात रक्त उतरलं आणि बाळ्याच्या तोंडून त्याने कधीच न ऐकलेला दादा बोलला, "गप बस! सोलून काढीन!"

म्हातारा मुकाट जेवला, अंघोळ करून घेतली, गोळी गिळली.

दादाचा गुण आला म्हणायचा. आधी नुसता आवाज. मग चापट. मग पट्टा, तोही फक्त दाखवायला. मग दाखवून भागेना.

"काय रे, बायको चावली की काय?" दुकानात एकाने मनगट बघून विचारलं.

"बायको असती तर चावत कशाला बसली असती? पळाली असती."

सगळे खो खो हसले. खुर्चीतलं गिऱ्हाईकही हसलं, हललं.

"गप बस!"

गिऱ्हाइकाच्या कानाची पाळ चिरली होती. पांढऱ्या कापडावर रक्त टपटपत होतं. माफ करा म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण तसं म्हणणारा बाळ्या आत सापडेना.

संध्याकाळी तो पट्टा हातात घेऊनच खोलीत शिरला. म्हाताऱ्याने मान वर केली आणि चेहरा उजळला.

"बाळ्या! आलास? दार लाव आधी." सदरा वर करून त्याने पाठ दाखवली. वळ ताजे होते. "दादा फार मारतो रे. तू आता मोठा झालास. हाकल त्याला."

बाळ्याने पट्टा टाकला. बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि उजवा हात दगडी चौकटीवर आपटला. पुन्हा आपटला. बोटं मोडल्याचं ऐकू येईपर्यंत आपटत राहिला.

"गेला का रे?" आतून म्हातारा.

"गेला, बाबा."

बाळ्या लहान असताना वडिलांनी त्याला एकदाही मारलं नव्हतं.