पाक जुमादींच्या सभ्य मिरच्या

सोलो शहरातल्या लोकांचं बोलणं इतकं मऊ, की तिथे दोन माणसं कडाडून भांडत असली तरी तिसऱ्याला वाटतं, जेवायचा आग्रह चाललाय. त्यातही पाक जुमादी म्हणजे कळसच. पाक म्हणजे आपल्याकडचे काका. चाळीस वर्षं ते गामेलानच्या, म्हणजे तिथल्या वाद्यवृंदाच्या, ताफ्यात गोंग वाजवत होते. बाकीचे वादक टिणटिण टणटण करून दमले, की मग त्या टांगलेल्या भल्यामोठ्या काशाच्या थाळीवर एक टोला. मधला सगळा वेळ मांडी घालून वाट बघायची. असा हा माणूस. अंगणात शिरलेल्या कोंबडीलाही म्हणायचा, "आपण जरा पलीकडे व्हाल का?" आणि बायकोला 'तुम्ही' म्हणायचा.

बायको सुराबायाची. बु कास्मिनी. बु म्हणजे काकू, आणि सुराबाया म्हणजे बंदर. तिथलं माणूस बोलतं तेच मुळी जहाजाच्या भोंग्याच्या वरच्या पट्टीत. त्या नवऱ्याला 'तू' म्हणत आणि गल्लीला काहीही म्हणत.

घरापुढे रंगाच्या रिकाम्या बादल्यांत आणि तेलाच्या डब्यांत मिरचीची तेवीस झाडं होती. बारकी, टोकदार, आभाळाकडे तोंड करून लागणारी मिरची. रोज सकाळी सहाला बु कास्मिनी पाण्याचं भांडं घेऊन बाहेर यायच्या आणि एकेकाची हजेरी घ्यायच्या.

"काय रे लुकड्या, सासुरवाडीला आलायस का? शेजारीण बघ, दहा लागल्यात तिला. आणि तू गं भवाने, नुसती फुलं मिरवतेस. मिरच्या काय तुझी आत्या देणार?"

गल्लीचं मत पक्कं होतं. मिरचीत तिखटपणा येतो तो जोपासणाऱ्याच्या जिभेवरून. बु कास्मिनी सांबल रगडायला बसल्या, म्हणजे आपला मिरचीचा ठेचाच, की दोन घरं पलीकडे झोपलेलं मांजर शिंकून उठायचं. एकदा एक सायकलरिक्षावाला भरल्या रिक्षेनिशी पुलाचा चढ असा चढून गेला की उतारूंना वाटलं, उतारच आहे. त्याला फक्त वास आला होता. ज्याला खोटं वाटेल त्याने तो पूल जाऊन बघावा, अजून आहे.

दर सतरा ऑगस्टला, स्वातंत्र्याच्या दिवशी, गल्लीत पोत्यांच्या शर्यती व्हायच्या, दोरीला टांगलेले पापड हात न लावता खायची चढाओढ व्हायची आणि शेवटी सांबलची स्पर्धा. नियम साधे. मिरच्या त्याच सकाळी, सगळ्यांदेखत, आपल्याच झाडाच्या तोडायच्या. परीक्षक तीन. ज्याच्या सांबलनं परीक्षकांचा हात आधी पाण्याकडे जाईल तो जिंकला; बक्षीस मात्र झाडं जोपासणाऱ्याच्या हाती. सात वर्षं बु कास्मिनी जिंकत होत्या, आणि चार नंबरच्या घरातल्या बु रेतनो सात वर्षं दुसऱ्या येत होत्या.

पण यंदा जूनमध्ये बु कास्मिनी बाजारात टेंप्याचा, म्हणजे सोयाबीनच्या वड्यांचा, भाव करताना चक्कर येऊन खाली बसल्या. दवाखान्यात नेलं तर रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे नव्वद. डॉक्टरीण पोरसवदा, पण निघाली सुराबायाचीच.

"आजी, तीन महिने ओरडायचं नाही. रागवायचं नाही. मीठ अर्ध्यावर आणायचं. ऐकणार नसाल तर पुढच्या खेपेला मी तुमच्या नवऱ्याशी बोलेन, कारण तुम्ही बोलायच्या अवस्थेत नसाल."

बु कास्मिनींनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. "पोरगी नीट बोलते," त्या म्हणाल्या, आणि घरी येऊन गप्प झाल्या.

गप्प म्हणजे खरोखर गप्प. ओसरीवर बसून तांदूळ निवडायच्या आणि गुणगुणायच्या. गल्लीची घड्याळंच बंद पडल्यासारखी झाली. दोन कारकून कामावर उशिरा पोचले, आणि सहा नंबरचा कोंबडा, ज्याला आपल्या आरवण्याला रोज उत्तर मिळायची सवय होती, तो मनाला लावून घेऊन अंडी उबवायला बसला.

झाडांची उस्तवार पाक जुमादींकडे आली. ते प्रत्येकाला वाकून पाणी घालत. "आपल्याला पुरे झालं ना? की अजून थोडं देऊ?" झाडं अशी तरारली की विचारता सोय नाही. पानं तळहाताएवढी, मिरच्या चकचकीत. जुलैत त्यांनी पहिली मिरची तोडून चावली. मग दुसरी चावली. मग सबंध मूठभर खाल्ल्या आणि ओसरीच्या कडेला टेकले.

पेरूसारख्या गोड होत्या.

पाक जुमादींनी पुढचा हिशोब केला. सतरा ऑगस्टला बायको सगळ्यांदेखत या मिरच्या तोडणार, रगडणार, आणि परीक्षक म्हणणार, वा, मुरंबा छान झालाय. मग तिचा संताप होणार. आणि संताप झाला तर वरचा आकडा कुठे जाणार ते त्या डॉक्टरीण पोरीनं सांगूनच ठेवलं होतं. बक्षीस गेलं तर जाऊ दे; पण बाई राहिली पाहिजे.

त्या दिवसापासून ते बाजारातून तिखट मिरच्या आणून गुपचूप तिच्या टोपलीत ठेवू लागले. रोजचं भागलं, पण स्पर्धेत ते चालण्यासारखं नव्हतं.

जाकार्ताला असलेल्या लेकीला, निंग्रुमला, त्यांनी फोन केला. तिनं तिथूनच बटणं सांगून सांगून बापाच्या फोनमध्ये बागेचं एक ॲप बसवून दिलं. झाडाचा फोटो दाखवायचा, तोंडानं विचारायचं, की आतली कृत्रिम बुद्धी उत्तर देते. नाव केबुन. "बाबा, त्याच्याशी तुम्ही जसं बोलाल तसंच तो बोलेल," ती म्हणाली. "तसंच लावून दिलंय, म्हणजे तुम्हाला परकं वाटणार नाही."

नुसतं नाव घेऊन हाक मारणं काही पाक जुमादींच्या जिभेला जमेना, म्हणून ते त्याला मास केबुन म्हणू लागले. मास म्हणजे दादा.

"मास केबुन, आपल्या कामात व्यत्यय आणतोय, क्षमा असावी."

"छे छे, पाक, आपली सेवा हाच माझा आनंद," फोन म्हणाला. "फोटो पाहिला. अभिनंदन. आपली झाडं अत्यंत निरोगी आणि सुखी आहेत."

"तीच तर अडचण आहे. फार सुखी झालीत. तिखट होईनात."

"अच्छा. मग पाक, आपण पाणी थोडं कमी करावं. माती वरून सुकू द्यावी. दिवसभराचं ऊन द्यावं, आणि खत तूर्त थांबवावं. झाडाला जरासा ताण बसला की तिखटपणा वाढायला मदत होते."

पाक जुमादींनी ओसरीवरच्या बायकोकडे आदरानं पाहिलं. चाळीस वर्षं ती हेच करत होती. ताण द्यायचा. शाळेत न जाता तिला ठाऊक होतं.

त्यांनी पाणी तोडलं. बादल्या गल्लीच्या उन्हाच्या बाजूला नेल्या. आठवड्यानं मिरची चाखली, तर गोडी गेली होती; आता ती काकडीसारखी लागत होती.

"मास केबुन," त्यांनी आवाज खाली आणला, "आपण त्यांना थोडं रागावू शकाल का? आमच्या घरात पूर्वी ती पद्धत होती."

"बोलण्यानं मिरची तिखट होते याला काही आधार मला माहीत नाही, पाक. पण आपली इच्छा असेल तर अवश्य." फोननं क्षणभर विचार केला. "सन्माननीय मिरच्यांनो. आपल्या प्रगतीबद्दल किंचित चिंता वाटते. सवड होईल तेव्हा कृपया लक्ष द्यावं. कळावे, लोभ असावा."

आता यात फोनचा तरी काय दोष? सोलोचा माणूस परक्याशी जी दरबारी भाषा बोलतो, तीत शिव्याच नाहीत. कुणी मागणीच केली नव्हती कधी. पाक जुमादींनी फोनला जे दिलं तेच फोन परत देत होता.

बायकोचे चाळीस वर्षांचे शब्द त्यांना तोंडपाठ होते. ते त्यांनी फोनला शिकवायचं ठरवलं. दाराआड उभं राहून ते कुजबुजले, "म्हणा, 'अरे लुकड्या.'"

"अरे, सडपातळ बांध्याच्या सद्गृहस्था," फोन म्हणाला.

ऑगस्ट उजाडला. स्पर्धेला दहा दिवस राहिले तेव्हा एका सकाळी बु रेतनो बाजारातून येताना थांबल्या. त्यांनी न विचारता एक मिरची तोडली, दातानं कुरतडली, आणि त्यांचा चेहरा सात वर्षांत पहिल्यांदा उजळला.

"पाक, एवढ्या जपून ठेवा हं. माझ्या नातवाचे दात येतायत. चघळायला बऱ्या."

पाक जुमादींनी स्मित केलं, मान लववली आणि त्या वळल्यावर फोनकडे पाहिलं. फोनला वाटलं, आपल्याला विचारतायत.

"धीर धरावा, पाक. आपण फार छान करत आहात."

हे वाक्य तो महिनाभरात चाळिसाव्यांदा म्हणाला. पुढे जे झालं त्याला गल्लीत अजून 'गोंग' म्हणतात. मांडी घालून सगळा जन्म थांबलेला तो टोला त्या सकाळी पडला.

"छान?" पाक जुमादी म्हणाले. "काय छान, तुझं कपाळ छान? अरे डबड्या, नुसता गोड बोलतोस, खाली मातीत उतरून बघ एकदा. आणि तुम्ही. तेवीस जण. आयतं पाणी, आयतं ऊन, आणि चव काकडीची? लाज वाटत नाही मिरची म्हणवून घ्यायला? तिकडे माझी बायको ओठ शिवून बसलीये, तिच्या जिवावर सात वर्षं मिरवलात, आणि आता पेरू होताय? सतरा तारखेला कुणी गोड लागलं तर मुळासकट उपटून बु रेतनोच्या नातवाच्या तोंडात घालीन."

गल्लीतली एक खिडकी उघडली. मग सगळ्या उघडल्या. सहा नंबरचा कोंबडा अंड्यांवरून उठला आणि दणदणीत आरवला.

पाक जुमादी मागे वळले, तर दारात बु कास्मिनी. पाक जुमादींनी घाईनं हात जोडले. "बु," ते म्हणाले, "क्षमा असावी. आपण आत बसा. काही झालेलं नाही."

बु कास्मिनी उंबऱ्यावर बसल्या. त्यांचे खांदे हलत होते. पाक जुमादी घाबरून दवाखान्यात फोन लावणार तेवढ्यात कळलं की बाई हसतायत. हसून हसून डोळ्यांना पदर लावला.

"उपटून तोंडात घालीन," त्या म्हणाल्या. "बरं होतं ते. पण 'लाज वाटत नाही' वर श्वास घे. घाई केलीस. लाजेला जागा दे जरा."

"तुम्हाला राग नाही आला?"

"कशाचा? बाजारच्या मिरच्यांचा? पहिल्या दिवशीच ओळखल्या. माझ्या मिरच्यांचे देठ वाकडे असतात, पाक. तू आणल्यास त्या शिपायासारख्या सरळ."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलायची बंदी कुणाला होती? आणि तू रोज टोपलीत लपवताना असा काही चोरासारखा चालायचास, की म्हटलं, असू दे. चाळीस वर्षांत पहिल्यांदा करमणूक करतोयस."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला दोघं बाहेर यायची. बु कास्मिनी स्टुलावर बसून नवऱ्याच्या कानात हळूच सांगायच्या आणि पाक जुमादी ते गल्लीभर करायचे. फोन खिशातच असायचा, ऊन-पाण्याचं विचारायला. लोक चहाचे पेले घेऊन दारात उभे राहायचे. पाचव्या दिवशी पाक जुमादी न सांगता बोलले, सातव्या दिवशी त्यांनी एका झाडाला असं काही म्हटलं, की बु कास्मिनींनी विचारलं, "हे कुठून आणलंस?" ते लाजले. दवाखान्यात आकडा एकशे तीस आला. डॉक्टरीण म्हणाली, "आजी, काय घेताय?" आजी म्हणाल्या, "रोज सकाळी एक नवरा."

सतरा तारखेला सगळ्यांदेखत मिरच्या तोडल्या. बु कास्मिनींनी रगडल्या, मीठ अर्धंच. पहिल्या परीक्षकानं बोट लावलं आणि टोपी काढली. दुसरे शिंप्याच्या दुकानातले आजोबा, दहा वर्षं काठीशिवाय उठले नव्हते. ते उठले, पोत्यांच्या शर्यतीत शिरले आणि तिसरे आले. तिसरे परीक्षक गल्लीप्रमुख पाक हार्सो, ज्यांचं भाषण आजवर कुणाला थांबवता आलं नव्हतं, ते पाण्याच्या बादलीत तोंड घालून बसले आणि भाषण पुढच्या वर्षावर गेलं. त्याबद्दल गल्लीनं वर्गणी काढून वेगळं बक्षीस दिलं.

मग पाक हार्सोंनी घोगऱ्या आवाजात नाव पुकारलं. नियमाप्रमाणे बक्षीस ज्यानं झाडं जोपासली त्याला. पाक जुमादी.

सगळी गल्ली बु कास्मिनींकडे बघू लागली. सात वर्षांचा मान नवऱ्याकडे जात होता. पाक जुमादी तर जागचे हलेनात. ते तिच्या कपाळावरची शीर बघत होते.

"उभा काय राहिलायस खांबासारखा?" बु कास्मिनी म्हणाल्या, भोंग्याच्या पट्टीत, दोन महिन्यांत पहिल्यांदा. "जा, घे. माझ्याच तर जिभेचं आहे."

तेवढ्यापुरती बंदी मोडली. रागानं मात्र नव्हे, त्यामुळे आकड्याला पत्ताही लागला नाही.

बु रेतनो दुसऱ्याच आल्या. निघताना त्या हळूच पाक जुमादींना विचारून गेल्या, की सकाळच्या शिकवणीला अजून कुणाला घेता का.

दुसऱ्या दिवशी पाक जुमादी ओसरीवर बसले, फोन समोर ठेवला, हात जोडले. त्या दिवशी त्याला डबड्या म्हटल्याचं मनाला लागून राहिलं होतं.

"मास केबुन, मी आपल्याला नको ते बोललो. क्षमा असावी. काल आमच्या मिरच्या तिखट निघाल्या. आपल्या मते कशानं? कमी पाण्यानं, की बोलण्यानं?"

फोन दहा दिवस खिशात बसून सगळं ऐकत होता.

"कशानं ते नंतर बघू," फोन म्हणाला, सुराबायाच्या पट्टीत. "आठ वाजले, लुकड्या. तुझी माती सुकून फुटाणे झाली, आणि तू इथे आरती ओवाळत बसलायस? ऊठ, बादल्या सरकव. आणि ती कोपऱ्यातली भवानी आज पण नुसती फुलं मिरवतेय, तिला मी बघतो."

पाक जुमादी ताडकन उठले आणि पाण्याचं भांडं घ्यायला धावले. आतून बु कास्मिनींचा आवाज आला.

"कोण आहे रे तो? त्याला म्हणावं, जेवूनच जा."