सुभेदारांची पोच

सुभेदार लालासाहेब अठ्ठावीस वर्षं फौजेत सिग्नलमध्ये होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण सवय काही गेली नाही. कुणी रस्त्यात नुसता रामराम घातला तरी ते ताठ होऊन "मिळाला" म्हणत. निरोप आला की आधी पोच द्यायची, मग बाकीचं बघायचं, हा त्यांचा धर्म. अख्खं कुंडल गाव त्यावर हसायचं, आणि ते हसणं सुभेदारांना कौतुक वाटायचं.

त्यांची सून संयोगिता पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायची. गावोगावच्या दूध डेअऱ्यांची यंत्रणा चालू ठेवणं हे तिचं काम. मशीनवर दुधाचा फॅट मोजला की आकडा क्लाउडवर, म्हणजे कुठल्या तरी लांबच्या, भाड्याच्या कॉम्प्युटरवर जातो आणि तिथून पावती निघते. तो कॉम्प्युटर अडखळला की ज्याची पाळी असेल त्याच्या फोनवर भोंगा वाजतो. त्यानं पोचेचं बटण दाबलं की भोंगा गप. पाच मिनिटांत बटण दाबलं गेलं नाही तर पुण्यातल्या तिच्या साहेबाचा, भार्गवीचा, फोन बोंबलायला लागतो.

नवरा उदयसिंह सीमेवर. वर्षातनं दोनदा रजेवर यायचा तो कुंडललाच. सासूबाई गेल्यापासून आबा, म्हणजे सुभेदार, एकटे. म्हणून संयोगितानं भार्गवीला गळ घालून गावाहून काम करून बघायला तीन महिन्यांची मुदत मिळवली होती. नीट पार पडले तर कायमचं कुंडल, एक जरी घोळ झाला तर बाडबिस्तरा उचलून पुणे. अडीच महिने सुरळीत गेले होते.

आणि मग शेजारच्या रेश्माचं डोहाळजेवण आलं.

त्या दिवशी पाळी संयोगिताची. फोनपासून लांब जायचं तर पाळी पुण्याच्या सुमंतला द्यायची, असा कंपनीचा नियम. पण दोन घरं सोडून तर जायचं होतं, ओटी भरायची आणि परत यायचं. त्यात फोनला चार्जिंग नव्हतं, म्हणून तो घरीच लावून ठेवला.

"आबा, भोंगा वाजला तर मला हाक मारा. पाच मिनिटांत आलेच."

"जा पोरी. फोनवर मी हाय म्हणल्यावर काळजी कसली?"

सतरा बेचाळीसला भोंगा वाजला. सुभेदारांनी चष्मा लावला, बटण दाबून पोच दिली, वहीत वेळ टिपली आणि निरोप पोचवायला रेश्माच्या दारापर्यंत गेले. आत बघतात तर चाळीसेक बायका आणि मधोमध हिरव्या साडीत झोपाळ्यावर रेश्मा. बायकांच्या कार्यक्रमात बाप्यामाणसानं डोकवायचं कसं? सुभेदार सीमेवर कधी मागं फिरले नव्हते, पण त्या उंबऱ्यावरनं फिरले. निरोप मिळाल्याचं कळवलंय, पोरगी आली की सांगू, असा हिशेब करून त्यांनी दुधाची किटली उचलली. तेवढ्यात दुसरा भोंगा झाला. त्यालाही पोच गेली. फोन सदऱ्याच्या खिशात घालून ते डेअरीकडं निघाले.

डेअरीत बघतात तर रांग दारापासून पारापर्यंत. चेअरमन हंबीरराव मशीनला थापट्या मारत होते.

"पावतीच निघंना वो सुभेदार. सर्वर का काय, ते बंद पडलंय म्हणं."

"बंद पडलंय म्हंजी? त्येच्यावर कुणीतरी नेमलेला असंल न्हवं?" सुभेदारांचा पारा चढला. "ड्यूटीवर झोपणारा माणूस हाय कोण त्यो? पयला बडतर्फ करा त्येला!"

रांगेनं माना डोलावल्या. इतक्यात सुभेदारांच्याच खिशात तिसरा भोंगा वाजला. त्यांनी बोलणं न थांबवता फोन काढला, अंगठ्यानं बटण दाबलं, "हां, मिळाला" म्हणाले आणि शिव्यांची उरलेली माळ पुरी केली.

पाच मिनिटांसाठी गेलेली संयोगिता उखाणे, गाणी आणि दोन वाट्या खीर उरकून पाऊण तासानं सुटली. घरात फोन नाही, आबा नाहीत. जरीच्या साडीत, ओटीचा नारळ तसाच हातात धरून ती डेअरीवर धावली. आबांच्या खिशातनं फोन काढून बघितला, तर तीन भोंगे आणि तिन्हींना पोच गेलेली. तिथनं घरी पळत येऊन लॅपटॉप उघडला. कॉम्प्युटरची साठवण नोंदींनी तुडुंब भरली होती, ती रिकामी करायला सहा मिनिटं लागली. तोवर दुधाचा टँकर निघून गेला होता. त्या संध्याकाळी निम्म्या कुंडलनं परत आणलेल्या दुधाची बासुंदी आटवली आणि ढवळता ढवळता सुभेदारांच्या सुनेचा उद्धार केला.

दुसऱ्या दिवशी अकराला कंपनीची ऑनलाइन बैठक. काही बिघडलं की तिथं सगळे जमतात, पण 'कुणी केलं' हे विचारायचं नाही, 'कसं झालं' तेवढंच विचारायचं, असा त्यांचा रिवाज. आबांवर कसं ढकलायचं, म्हणून संयोगितानं लिहून ठेवलं होतं की पोच दिली आणि लगेच नेट गेलं. चौकशी आहे एवढंच सुभेदारांच्या कानावर होतं. ते दाढी करून, पदकं लावलेला कोट घालून तिच्या मागं ताठ बसले होते.

"...आणि तेवढ्यात नेट गेलं," संयोगिता स्क्रीनकडं न बघता म्हणाली.

"नेट गेलं न्हवतं!" सुभेदार उठले. "पोच मी दिली, तीनदा. काय शिक्षा आसंल ती मला द्या."

"काका, इथं आम्ही कुणी केलं ते विचारत नाही," भार्गवी म्हणाली. "शिक्षाही नसते."

"शिक्षा न्हाई? मग ही कसली चौकशी?" सुभेदारांना खरोखर वाईट वाटलं.

भार्गवीनं घडलेलं सांगायला सांगितलं. त्यांनी वही उघडून मिनिटामिनिटाचा वृत्तांत वाचला, अगदी उंबऱ्यावरनं फिरल्याच्या वेळेसकट. इतकी नेटकी नोंद कंपनीत आजवर कुणी ठेवली नव्हती.

"हे कशानं टळलं असतं, काका?"

"पोच म्हंजी काम न्हवं, बाई. आमच्यात पोच दिली की धा मिनिटांत काय केलं ते कळवाय लागायचं. न्हाई कळवलं की वरच्याला उठवायचे. तुमच्यात एकदा हां म्हणलं की समदी दुनिया झोपली!"

"ती सोय आहे आपल्याकडं," सुमंत हळूच म्हणाला. "चालू करायची राहिली होती."

"कुणाकडनं राहिली?" सुभेदारांनी विचारलं.

भार्गवीचे कान लाल झाले होते, कारण ते काम दिवाळीपासून तिच्या नावावर पडून होतं.

"आज चालू करते," ती म्हणाली. "आणि संयोगिता, पाळी अशी पुन्हा सोडायची नाही. ते नेटचं वाक्य आधी खोडून टाक. तसंच राहिलं असतं तर कुंडलला नेट टिकत नाही म्हणून मी तुला पुण्याला बोलावलं असतं. आता राहा तिथंच."

संध्याकाळी डेअरीत सुभेदारांचा नंबर तिसरा होता. किटली खाली ठेवून ते रांगेकडं तोंड करून उभे राहिले.

"काल ज्येला बडतर्फ करा म्हणलो, त्यो मी. फोन माझ्या खिशात हुता. माझ्या सुनंला कुणी बोलायचं न्हाई."

हंबीरराव म्हणाले, "जाऊ द्या वो सुभेदार. घाला दूध."

सुभेदारांनी नकारार्थी मान हलवली, किटली उचलली आणि सगळी रांग ओलांडून शेवटी, पाराजवळ जाऊन उभे राहिले. संयोगिता बरोबर आली होती. घरी जाऊन चहा टाकायचा होता, काम पडलं होतं. पण चुकली तीही होती, पाळी सोडली होती आणि वर खोटं लिहिलं होतं. ती गुपचूप जाऊन त्यांच्या मागं उभी राहिली.