नुसती ‘टक’, पुढे काही नाही

मित्रांनो, मी एक जुनी, बॅटरीवर चालणारी गाडी आहे. जन्म गोल्फच्या मैदानासाठी, नोकरी मात्र एका मोठ्या रुग्णालयाच्या आवारात. तुम्हांला माझी दया यावी म्हणून मी बोलत नाही. मध्यंतरी मलाच माणसांची किळस आली होती. ती का आली, ते सांगते.

कारखान्यात माझ्या सीटखाली आठ-आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या बसवल्या आणि जाड केबलींनी एकमेकींना जोडल्या. सहा जणींचे मिळून अठ्ठेचाळीस व्होल्ट. त्यातली एक केबल जरी बिघडली तरी सहाही जणींचा जोर वाया जातो. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. माणसांना ते उशिरा कळते.

मैदानावर मी नऊ वर्षे काढली. हिरवळ सुंदर होती, पण पांढऱ्याशुभ्र बुटांतले लोक चघळलेले च्युइंगगम माझ्या सीटखाली चिकटवत आणि तेलकट बोटे माझ्या कव्हरला पुसत. चेंडू हरवला की शिव्या मला! नवीन गाड्या आल्या आणि मला या रुग्णालयाने घेतले.

इथे फाटक खाली आणि किडनीचा विभाग टेकाडाच्या माथ्यावर. माझ्या चालकाला सगळे काका म्हणत. त्यांनी आयुष्यभर मालट्रक चालवला होता. दर सोमवारी ते माझी सीट उचलत, बॅटऱ्यांचे माथे कोरड्या फडक्याने पुसत आणि बेताने शुद्ध पाणी घालत.

आठवड्यातून दोनदा एक निवृत्त मास्तर आपल्या सुनेबरोबर रक्तशुद्धीसाठी येत. बसताना म्हणत, “काय गं, तुझंही माझ्यासारखंच. मशीनला लावल्याशिवाय चालत नाहीस!” सून मात्र आधी सीटखाली वाकून बघे. तिथे काय नसे? अर्धी खाल्लेली केळी, रक्ताचे बोळे, एकदा तर बाळाचा भिजलेला लंगोट. नाक मुरडत ती ते सगळे कागदात गुंडाळून कचरापेटीत टाके. ती घाण तिची नव्हती. ज्यांची होती, ते हात झटकून कधीच वर गेलेले असत.

मग एकदा तपासणीला पाहुणे यायचे ठरले. नेमके तेव्हा काका मुलीच्या बाळंतपणासाठी गावाला गेले होते. व्यवस्थापक साहेबांनी सफाईच्या दोन बायकांना हुकूम सोडला, “गाडी लख्ख दिसली पाहिजे.” सीट उचलली गेली आणि पाण्याचा फवारा थेट बॅटऱ्यांवर आला. वर साहेब म्हणाले, “आत पाणी कमी दिसतंय. भरा काठोकाठ.” नळाचे पाणी! पुढच्या चार्जिंगला ते आम्लासकट उतू गेले आणि केबलींवरून ओघळले. माझी बाहेरची बाजू चकाकत होती, आत मात्र सडायला सुरुवात झाली होती. पाहुण्यांनी सीट उचलून पाहिली नाही. दिसते तेवढेच पाहायचे, अशी ही जात.

काका परत आले आणि त्यांना केबलींच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली. “साहेब, केबली बदलायला हव्यात,” ते म्हणाले.

“चालतेय ना? मग डोकं खाऊ नका.”

महिन्याभरात मी चढावर अर्ध्या वाटेत थांबले. मास्तर आत बसलेले. काकांनी किल्ली फिरवली, पेडल दाबले. टक! पुन्हा दाबले. टक! पुढे काही नाही.

साहेब आले आणि त्यांनी माझ्या चाकाला लाथ मारली. मग मोटारी दुरुस्त करणारा एक मिस्त्री आणला गेला. त्याने साधे वाकूनही पाहिले नाही. नाक फेंदारून म्हणाला, “वास येतोय ना? मोटर जळलीय. नवीनच घाला.” मित्रांनो, तो वास सीटखाली कुजलेल्या सँडविचचा होता!

साहेबांनी कागदावर लिहिले, ‘चालकाचा निष्काळजीपणा.’ काकांना धुलाईखान्यात घाणेरड्या चादरी वेगळ्या करायला बसवले. मला भंगारात काढायचे ठरले आणि तोवर कचऱ्याच्या पिंपांशेजारी उभे केले. येणारा-जाणारा माझ्या अंगात उष्टे कागदी पेले कोंबू लागला. एकाने तर माझ्या पायरीवर ओकारी केली आणि मागे वळूनही पाहिले नाही. मला शिसारी आली. चालत नव्हते म्हणून मी जणू उकिरडाच झाले होते.

मास्तर आता तो चढ पायी चढत. तिसऱ्या आठवड्यात त्यांचे पाय लटपटले आणि ते रस्त्यातच बसले. सुनेने त्यांना पाठीवर घेतले. वर पोचेपर्यंत ती दोनदा पडली, गुडघा फुटला. तिने साहेबांना विचारले, “गाडी कधी सुरू होणार?” साहेब म्हणाले, “प्रक्रिया चालू आहे.” ती तशीच थेट मोठ्या डॉक्टरबाईंकडे गेली. म्हणाली, “माझी मावशी गोदामातल्या बॅटरीच्या गाड्या दुरुस्त करते. तिला एकदा बघू द्या.” डॉक्टरबाई हो म्हणाल्या.

शुक्रवारी मावशी आली, गळ्यात मीटर लटकवून. मला पाहताच तिने नाकाला पदर लावला. “शी! ही गाडी आहे की गटार?” हातमोजे आणि चष्मा चढवून तिने आधी सगळी घाण काढली. मग म्हणाली, “गाडी कोण चालवत होतं? त्यांना बोलवा.”

साहेब म्हणाले, “त्याची काय गरज?”

“आजाऱ्याला न विचारता औषध देता का तुम्ही इथे?”

काका आले. “दाबलं की टक येतो?” मावशीने विचारले.

“येतो. रोज यायचा.”

“टक म्हणजे आतला मोठा स्विच लागतोय. मग किल्ली ठीक, पेडल ठीक, बारीक वायरी ठीक. आता जाड केबली बघू.” तिने सगळ्या बॅटऱ्या मीटरने मोजल्या. मिळून अठ्ठेचाळीसच्या वर भरल्या.

साहेबांना जोर चढला. “बघा! बॅटऱ्या चांगल्या, म्हणजे मोटरच गेली.”

“बसल्या जागी सगळेच पैलवान असतात साहेब. ओझं पडल्यावर बघायचं.”

माझी मागची चाके जॅकवर उचलून काकांना पेडल दाबायला सांगितले. टक! मीटरचा आकडा अठ्ठेचाळीसवरून धाडकन बारावर आला. मग एकेका केबलीच्या दोन्ही टोकांना मीटरच्या पिना लावत ती पुढे सरकली. तिसऱ्या आणि चौथ्या बॅटरीमधल्या केबलीवर थांबली. “हं. सगळा जोर इथेच अडतोय.”

केबल सोडवून तिने वरचे रबर चिरले. आत तांब्याऐवजी हिरवा भुगा होता. तीन-चार तारा तेवढ्या शिल्लक होत्या. साहेब दोन पावले मागे सरकले.

“आम्ल उतू जाऊन यात मुरलंय. पाणी काठोकाठ कोणी भरलं?” मावशीने विचारले.

मग सफाईच्या बायकांपैकी एक पुढे आली. “आम्हीच भरलं, नळाचं. साहेब उभे राहून सांगत होते.”

“मी असं म्हणालोच नव्हतो!” साहेब ओरडले. इतकी घाण माझ्या अंगात कोंबली गेली होती, पण त्या एका वाक्याची मला जेवढी किळस आली, तेवढी कशाचीच नाही.

मावशीने खायच्या सोड्याच्या पाण्याने सगळी टोके धुतली, ब्रशने घासली, कोरडी केली, नवीन केबल घट्ट बसवली. काकांनी पेडल दाबले. टक, आणि लगेच चाके हवेत गरगर फिरू लागली. मोटर ठणठणीत होती! साहेब पुढे होऊन म्हणाले, “अहवालात ‘वयोमानाने झीज’ लिहा, म्हणजे विषय संपला.” मावशीने पाहायला आलेल्या डॉक्टरबाईंसमोर ठळक अक्षरांत लिहिले, ‘पाण्याने केबल कुजली. मोटर ठीक. चालकाची चूक नाही.’

जॅक काढला. काका स्टिअरिंगसमोर बसले. धुलाईखान्याच्या औषधी पाण्याने त्यांच्या बोटांची साले निघाली होती. तेवढ्यात साहेब घाईघाईने शेजारी येऊन बसले. “चला, वर एक फेरी मारू. सगळ्यांना दिसू दे.”

काकांनी किल्ली काढून हातात धरली. “साहेब, उतरा.”

“काय?”

“बाकावर मास्तर बसलेत. त्यांची वेळ झालीय.”

साहेब उतरले. मास्तर सुनेचा हात धरून आले आणि बसले. सुनेचा गुडघा अजून बांधलेलाच होता. त्या दिवशी मी चढ एका दमात चढले. साहेब मागून पायी येत होते.

मित्रांनो, आता मी रोज धावते. किळस थोडी ओसरली आहे, पूर्ण गेलेली नाही. परवाच कुणीतरी सीटखाली आंब्याची कोय ठेवून गेले. माझी तुम्हांला विनंती एवढीच. आपली घाण दुसऱ्याच्या पायाखाली सारू नका. आणि काही बंद पडले की लाथ घालण्याआधी, कुणाला बोल लावण्याआधी एक करा. आधी झाकण उघडा, मग तोंड.