स्काउटमास्तरच्या स्कार्फची गाठ

"संस्कृती मोज्यांपासून कोसळते," ऑस्बर्न यरवुड म्हणाला. "आधी मोजा घोट्यावर येतो. मग शर्ट पँटीबाहेर येतो. मग माणूस प्रार्थनेत देवाशी असं बोलतो, जसं काही देव त्याच्या शेजारच्या बाकावर बसत होता. रोम असंच गेलं."

चर्चच्या अंगणात सावधान उभी असलेली बावीस मुलं रोमबद्दल मनापासून दुःखी दिसत होती. तेवढ्यात पहिल्या रांगेतून केशॉन, म्हणजे ससाणा संघाचा नायक, अतिशय आदरानं म्हणाला, "मास्तर, तुमचा डावा खाली आलाय."

यरवुडनं वाकून पाहिलं. रोम त्याच्या डाव्या बुटावर गोळा होऊन पडलं होतं.

"प्रात्यक्षिक," तो म्हणाला. "पाहून ठेवा. पुन्हा दिसणार नाही."

आणि खरंच पुन्हा दिसलं नाही. त्या दिवसापासून मोज्याचं एक जादा इलॅस्टिक त्याच्या शर्टाच्या खिशात कायमचं मुक्कामाला आलं. शेजारी सेफ्टी पिन, खडूचा तुकडा आणि प्रार्थनेचं कार्ड. सदैव तयार राहा हे स्काउटचं ब्रीद. यरवुड ते खिशात घालून फिरत असे.

मी स्वतः स्काउट कधीच नव्हतो. आमच्या बेटाच्या राजधानीत, ब्रिजटाउनच्या एका वर्तमानपत्रात अडतीस वर्षं लोकांची टिंगल केली, एवढंच माझं समाजकार्य. निवृत्त होऊन बेलग्रोव्हला परत आलो, तेव्हा आमच्या सेंट क्रिस्पिन चर्चचे फादर पिल्ग्रिम यांनी मला पथकाच्या समितीचा अध्यक्ष केलं. मी नको म्हणालो. ते म्हणाले, "प्रायश्चित्त समजा." त्यांनी माझे जुने अंक वाचलेले असावेत.

अध्यक्ष या नात्यानं एक नको ते पत्र माझ्याच हातात पडलं. स्काउटांच्या जिल्हा कचेरीला पथकं कमी करायची होती. स्काउट संस्थापकाच्या जयंतीनिमित्तच्या रविवारच्या संचलनाला नव्या कमिशनरबाई स्वतः तपासणीला येतील, शंभरापैकी नव्वदच्या खाली गुण मिळाले तर आमचं पथक शेजारच्या हेडली पथकात विलीन होईल आणि आमचं निशाण जिल्हा कचेरीत जमा होईल. हेडली पथकात गणवेश म्हणजे टी-शर्ट, आणि देवाला दिलेलं वचन हा ऐच्छिक विषय. मुलं तिथं आनंदात असतात, हे मला प्रामाणिकपणे नोंदवलं पाहिजे. यरवुडसमोर मी ते कधी नोंदवलं नाही.

पत्र वाचून त्यानं ते घडी करून परत दिलं आणि इस्त्री हातात घेतली. त्याच्या ओट्यावर इस्त्रीचं टेबल मांडलेलं होतं आणि खळ घातलेल्या खाकी शर्टांचा ढीग शेजारी होता. दर शनिवारी हे दृश्य असायचं. सात-आठ मुलांच्या घरी इस्त्री नव्हती, काहींच्या घरी इस्त्री करणारं कुणी नव्हतं. ते शर्ट शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या कठड्यावर येऊन पडायचे आणि रविवारी पहाटे पुठ्ठ्यासारखे ताठ होऊन परत जायचे. कोणाचे कुठले, हे गावात कुणालाही माहीत नव्हतं. मलाही नाही. मी तिथं फक्त माउबी, म्हणजे सालीचं कडूगोड सरबत, प्यायला जायचो.

"लोकांना वाटतं मला कापडाचं वेड आहे," तो इस्त्रीवर पाण्याचा थेंब टाकून बघत म्हणाला. "अरे, रांगेत उभं केल्यावर कुणाच्या बापानं ब्रुकलिनहून पिंप भरून कपडे पाठवलेत आणि कुणाचा बापच बेपत्ता आहे, हे दिसतं का तुला?"

"नाही."

"मग? तेराव्या वर्षी याच चर्चमध्ये उसने बूट घालून मी देवाला वचन दिलं. बूट कुणाचे, देवानं विचारलं नाही. ते निशाण माझ्या हातातून जाणार नाही. शंभरापैकी शंभर काढू."

"नव्वद पुरतील."

"नव्वद," तो म्हणाला, "हा हेडलीचा आकडा आहे."

आता त्या गाठीबद्दल. स्काउटनं रोज एक सत्कृत्य करायचं असतं. विसरू नये म्हणून आमच्या पथकातली जुनी रीत अशी, की सकाळी उठल्याबरोबर स्कार्फच्या टोकाला एक गाठ मारायची आणि सत्कृत्य झालं की सोडायची. बहुतेक पथकांनी ही रीत कधीच सोडून दिली. यरवुड अठ्ठावन्न वर्षं पाळत होता. कस्टम खात्यात असतानाही टायखाली स्कार्फ असायचा म्हणे. लोकांच्या पेट्या उघडायला लावणारा माणूस रोज आधी स्वतःची गाठ सोडायचा.

तपासणीच्या छापील तक्त्यात मात्र सरळ लिहिलं होतं: स्कार्फ स्वच्छ, टोकं सपाट, गाठ नको.

"सोपं आहे," यरवुडनं शनिवारी मुलांना सांगितलं. "कमिशनरबाई नऊला येणार. साडेआठच्या आत प्रत्येकानं आपलं सत्कृत्य करून गाठ सोडायची. खरोखरचं सत्कृत्य. खोटी सुटलेली गाठ माझ्या रांगेत उभी राहणार नाही."

यातला धोका कुणाच्याच लक्षात आला नाही. बेलग्रोव्हची वस्ती एकशे चाळीस. त्यातली निम्मी माणसं रविवारी उशिरा उठतात.

सहा वाजता बावीस मुलं गावावर सुटली. मिस ओटली, वय सत्याऐंशी, आपल्या दारात कोंबड्यांना दाणे टाकत उभ्या होत्या. त्यांना रस्ता ओलांडून दिला गेला. मग दुसऱ्या मुलानं परत आणलं. तिसरा आला तेव्हा त्यांनी काठी उगारली. डार्नलीच्या रमच्या दुकानाच्या फळ्या दोनदा धुतल्या गेल्या आणि पायरीवर झोपलेल्या एका सद्गृहस्थाला उशी मिळाली. फादर पिल्ग्रिम यांची सायकल पुसली, तेल घातलं, पुन्हा पुसली. कुणाची तरी बकरी सोडून सावलीत बांधण्यात आली, नंतर उन्हात, कारण दुसऱ्याला ती गारठलेली वाटली. सव्वासातला माझ्या दारावर थाप पडली.

"सर, काही मदत?"

"झोपू द्या."

"ते करून झालं सर. जेवॉननं तुमच्या कोंबड्याला झाकून ठेवलंय, आरवू नये म्हणून."

साडेआठला रांग लागली. मी आयुष्यात बरीच संचलनं पाहिली आहेत, बहुतेकांवर वाईटसाईट लिहिलंही आहे. पण त्या सकाळची रांग काही औरच होती. खाकीची धार लागावी अशी इस्त्री, चव्वेचाळीस मोजे एका उंचीवर, हिरवे स्कार्फ, बावीस सपाट टोकं. यरवुड पहाटे चारपासून आधी शर्टांच्या घड्या, मग एकेका मुलाची कॉलर, बटन, नख तपासत होता. शेवटच्या मुलाचा बिल्ला सरळ करून तो माझ्याकडे वळला. समाधानानं त्याचा चेहरा चकाकत होता.

"कसं?"

"उत्तम," मी म्हणालो. "फक्त एक गाठ राहिलीय."

"कुणाची?" तो गर्जला.

मी बोट दाखवलं. त्यानं मान खाली घातली आणि स्वतःच्या स्कार्फकडे पाहिलं.

त्याचा हात गाठीपर्यंत गेला आणि परत आला.

"साडेचार तास त्या पोरांसाठी राबलास," मी म्हणालो. "तेच सत्कृत्य. सोड."

"ते कर्तव्य. कर्तव्याची गाठ नसते."

"बरं, मग मला हात दे. पायरी उतरायची आहे, गुडघा दुखतोय."

"तुझा गुडघा मला वाचवायला दुखतोय. म्हणजे सत्कृत्य तुझं झालं. तू मार गाठ आणि तूच सोड." त्यानं घड्याळ पाहिलं. "बावीस मिनिटं आहेत. गाव मोठं आहे."

गाव मोठं नव्हतं. आणि होतं तेवढं वापरून झालं होतं. मी त्याच्यामागे निघालो. खाकी कपडा कोपऱ्यावर दिसताच खिडक्या बंद होऊ लागल्या.

"मिस ओटली," यरवुडनं कुंपणाबाहेरून टोपी काढली, "काही हवं-नको?"

"तूसुद्धा?" म्हातारी दाराआडून ओरडली. "ऑस्बर्न, मी आज दोनदा रस्ता ओलांडून आले! इतकी तर लग्नात नाचले नव्हते. निघ इथून!"

डार्नली दुकानाच्या दारात दोन्ही हात पसरून उभाच होता. "मास्तर, फळीला हात लावायचा नाही. रंग जातोय."

"काही उचलायचं असेल, भरायचं असेल..."

"माझ्याकडे भरायला ग्लास आहे आणि उचलायला मी समर्थ आहे."

पायरीवरचा सद्गृहस्थ मात्र उशीवर मान उंच करून म्हणाला, "मला एक मदत होईल मास्तर. एक लहान बाटली."

यरवुड क्षणभर थांबला. ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग म्हणाला, "ती मदत नव्हे बाबा," आणि चालू लागला.

बकरीसुद्धा आम्हाला पाहून उठली आणि दोरी पुरेल तितकी लांब गेली.

नऊला पाच कमी असताना आम्ही परत आलो. यरवुड रांगेवरून शेवटचा फिरला. त्याची नजर कॉलरवर नव्हती, खाली होती. मला कळलं तो काय शोधतोय. एक घसरलेला मोजा. फक्त एक. त्याच्या खिशात इलॅस्टिक तयार होतं. पण आठ महिने त्यानंच ओरडून ओरडून त्यांना घडवलं होतं. एकसुद्धा मोजा हलायला तयार नव्हता.

"केशॉन," तो हळूच म्हणाला, "मोजा सैल तर नाही ना वाटत?"

"अजिबात नाही मास्तर!" केशॉन छाती फुगवून म्हणाला. "आता तो कबरीपर्यंत जाईल!"

कमिशनरबाई, मिसेस वेल्मा ग्रीनिज, गाडीतून उतरल्या त्या भिंतीसारख्या ताठ. खाकी स्कर्ट, गुडघ्यापर्यंत मोजे, काखेत तक्ता, कानामागे पेन्सिल. डाव्या हातानं हस्तांदोलन झालं, स्काउटांचं तसंच असतं. मग प्रार्थनेला सगळे आत गेलो. बाई पहिल्या बाकापाशी सगळा वेळ डावा पाय उजव्याच्या मागे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी लष्करात नोकरी केल्याचं मी ऐकलं होतं, तिथली काहीतरी पद्धत असेल असं समजलो. मुलांनी वचन म्हटलं: देवाप्रती, देशाप्रती, दुसऱ्याच्या मदतीप्रती. बावीस आवाज आणि त्यांच्याखाली एक जुना घोगरा आवाज. आमच्या चर्चचं छप्पर पत्र्याचं आहे. ते त्या दिवशी थरथरलं. मी नास्तिकपणाकडे झुकलेला माणूस आहे. मीही तेवढ्यापुरता सरळ उभा राहिलो.

बाहेर तपासणी झाली. बाई एकेका मुलासमोर थांबत, वरून खाली बघत आणि तक्त्यात खूण करत. अध्यक्ष म्हणून तक्त्यावर डोकावण्याचा मला हक्क होता, आणि नसता तरी मी डोकावलोच असतो. संचलनात दोन गुण गेले, कारण जेवॉन डावीकडे वळा म्हटल्यावर देवावर भरवसा ठेवून उजवीकडे वळला. बाकी एकही कापला नाही. शेवटचा रकाना उरला: स्काउटमास्तरचा पोशाख, दहा गुण. खाली नियम, लहानसाही दोष आढळल्यास शून्य.

अठ्ठ्याण्णव किंवा अठ्ठ्याऐंशी.

बाई यरवुडसमोर थांबल्या. बूट, मोजे, पट्टा, बटनं. नजर वर चढली आणि स्कार्फच्या टोकाशी अडली.

"मि. यरवुड, ही गाठ?"

रांगेतून कुणीतरी श्वास आत ओढला. मला वाटतं बावीसही जणांनी.

"आजचं सत्कृत्य व्हायचं आहे, बाईसाहेब."

"सव्वाअकरा वाजलेत."

"हो. मुलांची झाली आहेत. माझं राहिलं."

"तुम्हाला नियम माहीत आहे?"

"मीच मुलांकडून पाठ करून घेतलाय."

"आणि यायच्या आधी सोडून टाकावीशी नाही वाटली? कुणाला कळलं असतं?"

"सोडावीशी वाटली ना," यरवुड म्हणाला. "फार वाटली. पण मग ह्या बावीस जणांची सुटलेली गाठ कोण खरी मानणार?" त्यानं निशाणाकडे एकदा पाहिलं. "लिहा बाईसाहेब. संकोच करू नका. जिल्हा कचेरीत ते खिडकीपासून लांब ठेवा, एवढंच. उन्हानं हिरवा रंग उडतो."

त्याचा आवाज जराही हलला नाही. तक्ता घेऊन उभ्या असलेल्या बाईंपेक्षा तोच तपासणी करतोय असं वाटत होतं.

बाईंनी पेन्सिल कानामागून काढली. टोक रकान्यावर टेकवलं आणि तिथंच राहू दिलं. मग त्यांनी घसा खाकरला, आणि मला वाटलं आता भाषण होणार, परंपरा, शिस्त, जिल्ह्याचं धोरण वगैरे. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मी दिसलो तेव्हा जरा नाराजीनं पाहिलं आणि मुलांकडे पाठ करून यरवुडच्या कानाशी झुकल्या.

"मि. यरवुड," त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्याजवळ मोज्याचं एखादं इलॅस्टिक असेल का हो?"