एक खुर्ची कमी

आमच्या ऑरिनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, माणसं मोजता येत नाहीत. जन्मभर प्रोग्रॅम लिहिले, आणि त्या लोकांची खोड अशी की मोजणी शून्यापासून, मग शेवटचा एक सुटतोच. रविवारी मुलं जेवायला आली की टेबलाशी एक खुर्ची कमी ठरलेलीच. मी कपाळाला हात लावायची आणि हसायची.

'कॅनियन' ही डिस्कवर फायली साठवणारी जुनी कॉम्प्युटर सिस्टिम. ती बनवणारी कंपनी बुडाली, हक्क एका बनेल कंपनीनं घेतले आणि आम्ही नक्कल केली म्हणून अमेरिकेतल्या सॉल्ट लेकच्या कोर्टात ती आमच्या छोट्या कंपनीच्या मागे हात धुऊन लागली. आम्ही तशीच सिस्टिम नव्यानं लिहिली होती, पण अगदी सोवळ्यात. जुना कोड मी वाचायचा, तो काय करतो एवढंच कागदावर द्यायचं. आणि ज्यानं तो जन्मात पाहिला नाही त्यानं नवा लिहायचा. तो लिहिणारा ऑरिन. तसं शपथपत्रच होतं त्याचं. दोन वर्षं घरात कामाचा चकार शब्द नाही.

माझ्या जबानीच्या दिवशी पलीकडच्या वकीलबाई टॅलमेज यांनी पुढ्यात दोन कागद ठेवले. एक जुना कोड, एक आमचा. डिस्क भरताना दोन्हीकडे शेवटचा कप्पा रिकामा राहत होता. माझ्या वर्णनात ही चूक नव्हतीच, मलाच ती कधी दिसली नव्हती. मग ती तुमच्याकडे आली कशी, बाईंनी विचारलं. मी थोडा वेळ मागून घेतला.

बाहेर बाकावर ऑरिन बसला होता.

"तू जुना कोड पाहिला होतास?"

"तो तुकडा मीच लिहिलाय, व्हर्ला. कॉलेजात असताना, एका सुट्टीत त्या जुन्या कंपनीत कामाला होतो तेव्हा. सांगितलं असतं तर हे काम मिळालं नसतं."

मी शपथेवर बसले होते, आणि हा शहाणा आता सांगत होता.

"म्हण ना, अशी चूक कुणीही करतं," तो हळूच म्हणाला. "खोटं नाही ते."

खोटं नव्हतंच, मेलं. तेवढ्यावर आमची कंपनी वाचली असती.

आत बाईंनी प्रश्न पुन्हा वाचला.

"अशी चूक कुणीही करतं," मी म्हणाले. आमच्या वकिलानं श्वास सोडला. "पण ही माझ्या नवऱ्याची आहे. दोन्हीकडची."

महिन्याभरात निकाल लागला. आमची सिस्टिम बंद झाली.

त्या रविवारी मुलं आली. टेबल ऑरिननंच मांडलं होतं, खुर्ची एक कमी. ती आणायला कुणी उठलं नाही. तो ओट्याशी उभ्यानंच जेवला.