बार्ताचं घर मोजणारी साखळी

मी मोजणीची साखळी बोलतेय. हॉलंडमधल्या एका लोहाराने माझ्या कड्या ओवल्या आणि येरून नावाच्या तरुण लष्करी इंजिनिअरने मला विकत घेतलं. खंदक कुठे खणायचा, बुरूज कुठे उभारायचा, हे तो ठरवी आणि मी चिखलातून त्याच्यामागे सरपटत जाई. कौतुक मात्र कायम नकाशाचं झालं.

ओढाताणीने आम्ही साखळ्या लांबतो. म्हणून येरून दर वसंतात मला नगरभवनाच्या भिंतीतल्या लोखंडी मापाशी ताडून बघे. त्या वर्षी स्पॅनिश फौज निघाल्याची बातमी आली आणि तो म्हणाला, "साखळीचं नंतर बघू."

हुकूम होता, तटापासून ठरलेल्या हद्दीतली सगळी घरं पाडायची. शत्रूला आडोसा मिळता कामा नये. वेशीबाहेर येरूनची थोरली बहीण बार्ता राहायची. विधवा बाई, लोकांचं कापड धुवून गवतावर उन्हात पसरायची. तिचं घर हद्दीच्या जेमतेम हातभर आत आलं.

"मोज बाबा, मोज!" बार्ता दारातून ओरडली. "तुला कडेवर घेऊन हिंडले, ते मोजलं होतंस का कधी?"

"ताई, शेजारच्यांचीही घरं पाडतोय गं."

"मग जराशी ढिली धर की साखळी. हातभराचाच तर प्रश्न आहे."

त्याने मला आणखी ताणलं. मला फार वाईट वाटलं. संध्याकाळपर्यंत घर भुईसपाट झालं.

फौज आली, तोफा डागून कंटाळली आणि परत गेली. येरूनचा सत्कार झाला. बार्ता कुणाच्या तरी ओल्या तळघरात खोकत पडली.

मग उसंत मिळाल्यावर येरूनने मला मापाशी लावलं. मी चांगली बोटभर जास्त भरले. साखळी लांबली की अंतर कमी भरतं, आणि एवढ्या लांबच्या मोजणीत त्या बोटाबोटाचे कितीतरी हात झाले होते. बार्ताचं घर हद्दीबाहेरच होतं!

तो मला खांद्यावर टाकून तडक तिच्याकडे गेला.

"ताई, ते घर..."

"जाऊ दे रे," बार्ता म्हणाली. "सख्ख्या बहिणीसाठीही माझा भाऊ खोटं मोजत नाही, हे गावाने पाहिलं. त्याच्याच जोरावर जगतेय मी."

येरूनने मला हळूच पाठीमागे लपवलं. तिच्या उशाशी नुसता बसून राहिला.

आता त्याच्याकडे नवी साखळी आहे. मी खुंटीवर गंजतेय. कुणीतरी मला भट्टीत घाला, माझे खिळे करा आणि बार्ता आहे तोवर तिला एक घर बांधून द्या.