अर्ध्या गोळीवाली

आर्लीन हुडाक टीव्हीवर दिसली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला साधी बिचारी बाई समजायला नको. मी बर्नडीन कोस्को, वय चौऱ्याहत्तर, आणि मी जळले. चांगली दोन आठवडे जळत होते.

टीव्हीवर तिच्या मागे आमच्या इमारतीचा दरवाजा दिसत होता. केस आदल्या दिवशीच सेट केलेले. "महिन्याचा शेवटचा आठवडा आला की मी रक्तदाबाची गोळी सुरीने अर्धी करते," ती सांगत होती. "तीन तारखेला सरकारचा म्हातारपणाचा चेक येईपर्यंत पुरवायची असते ना." आणि तिने डोळ्यांना रुमाल लावला.

आर्लीनला रक्तदाब नाही. तिचा नवरा रेल्वेत होता, त्याचं पेन्शन तिला अजून येतं, आणि दर बुधवारी ती बसने कसिनोत जाते. ती गोळी माझी होती, आणि सुरीसुद्धा माझीच.

तिला हे कळलं ते फेब्रुवारीत. इमारतीच्या तळाशी कपडे धुवायची मशिनं आहेत, तिथे मला भोवळ आली. आर्लीनने मला धरून वर आणलं, खुर्चीत बसवलं, पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली आणि तिथेच थबकली. ब्रेड कापायच्या फळीवर अर्ध्या गोळ्या ओळीने मांडलेल्या होत्या.

"हे काय चाललंय, बर्नडीन?"

"काही नाही. डॉक्टरांनीच डोस कमी केलाय."

"माझ्याशी खोटं बोलू नकोस. मी चाळीस वर्षं बायकांचे केस कापलेत. खोटं मला मानेवरून कळतं."

मग सांगितलं. ओहायोत माझा मुलगा आहे, त्यालासुद्धा हे ठाऊक नाही. माझा नवरा स्टॅनली कारखान्यातल्या संपाच्या सात महिन्यांत चर्चच्या दारातून फुकटचा पाव घेऊन आला नाही, त्याची बायको मी. "कुणापाशी बोललीस तर बघ," असं मी आर्लीनला बजावलं, आणि जुलैपर्यंत ती बोललीही नाही.

जुलैत वॉशिंग्टनमध्ये दोन्ही पक्षांनी एकमेकांची गचांडी धरली. सरकारने किती कर्ज काढायचं याला कायद्याने मर्यादा घातलेली आहे, तिला सगळे छत म्हणतात. कर्ज त्या छताला टेकलं होतं. एक पक्ष म्हणे, छत उचला, नाहीतर आधीच कबूल केलेली देणी थकतील. दुसरा म्हणे, आधी खर्च कापा, मग बघू. दोन ऑगस्टपर्यंत मिटलं नाही तर तिजोरीत खडखडाट, आणि तीन तारखेचे आमचे चेक निघतील की नाही हे कुणी छातीठोकपणे सांगेना. टीव्हीच्या कोपऱ्यात एक लाल घड्याळ उलटं धावायला लागलं. मी पडद्याच्या त्या कोपऱ्यावर कॅलेंडरचं पान चिकटवलं होतं, इतका मला त्याचा राग यायचा.

सेंट हेडविग चर्चच्या तळघरात मंगळवारी आणि गुरुवारी आम्हा म्हाताऱ्यांना दुपारचं जेवण असतं. तिथे तर दुसरा विषयच नव्हता.

"छत उचला, छत उचला!" एडी रुस्नाक ओरडायचा. त्याने आयुष्यभर ट्रक चालवला, आवाज अजून हायवेवरचाच आहे. "दरवर्षी उचलतात! उचलत राहिलात तर ते छत कसलं? आभाळच झालं की!"

"अरे, पण खर्च तर होऊन गेलाय ना," मी म्हणायचे. "जेवून झाल्यावर हॉटेलात बिल द्यायचं की मालकाला सांगायचं, आमच्या घरात यावर एकमत नाही?"

"मी काही मागवलं नव्हतं."

"तू? मागच्या वर्षी गुडघा कुणाच्या पैशांनी बदललास? दिसतोय मला इथून."

लोक हसायचे. पण हसून झाल्यावर सगळे आपापल्या ताटात बघायचे, कारण तीन तारीख सगळ्यांचीच होती. एडीचीसुद्धा.

आणि मग एका गुरुवारी आमच्या खासदार, 'छत उचला' म्हणणाऱ्या पक्षाच्या हॅल्पिनबाई, तळघरात आल्या. हलुपकीचं, म्हणजे भात भरलेल्या कोबीच्या पानांचं ताट हातात घेऊन उभ्याउभ्याच त्यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "वॉशिंग्टनमध्ये सगळे आकड्यांत बोलतात. मला तिथे एक माणूस न्यायचंय. तीन तारखेला चेक आला नाही तर तुमच्या घरात काय होईल, ते कुणी सांगाल?"

कुणी हललं नाही. एडी छताकडे बघत बसला, खऱ्याखुऱ्या. सांगायचं तर मलाच सांगायला हवं होतं, हे मला कळत होतं. आणि मी कोबीच्या पानातला भात काट्याने उकरत बसले.

तेव्हा आर्लीन उठली. गोळी, सुरी, ब्रेडची फळी, सगळं तिने सांगितलं. फक्त 'बर्नडीन' असं जिथे म्हणायचं तिथे 'मी' म्हणाली. बायका रडल्या. हॅल्पिनबाईंच्या सोबतच्या पोराने सगळं टिपून घेतलं.

लिफ्टमध्ये मी तिला धरलं. "लाज नाही वाटली?"

"तू बोलणार होतीस?"

मी मजल्याचं बटण दाबलं.

"मेली असतीस पण बोलली नसतीस. तुझं नाव घेतलं का मी? मग झालं तर."

नाव घेतलं नव्हतं, हे खरं. तिथेच थांबलं असतं तर मी तिचे आभारही मानले असते, कदाचित. पण हॅल्पिनबाईंनी सभागृहात उभं राहून "माझ्या मतदारसंघातली आर्लीन" असं म्हटलं आणि वर्तमानपत्रांनी तिला 'अर्ध्या गोळीवाली आजी' करून टाकलं. तीन वेगवेगळे कॅमेरे आले. पोस्टमन तिच्यासाठी वेगळी पिशवी आणायला लागला. ओरेगनमधल्या कुणीतरी वीस डॉलर पाठवले, एका शाळेतल्या मुलांनी तिची चित्रं काढून धाडली. चित्रांत तिच्या हातात सुरी! जिला उकडलेला बटाटासुद्धा धड सोलता येत नाही, तिच्या हातात!

मी ती चित्रं लिफ्टशेजारच्या फळ्यावर रोज बघायचे. लाज माझी होती. ती मी वर्षभर कुलपात ठेवली होती, आणि हिने ती बाहेर काढून अंगावर मिरवली तर लोक टाळ्या वाजवत होते. माझ्याकडे असताना त्या लाजेला कुणी विचारत नव्हतं. मला टाळ्या हव्या होत्या का? हो, हव्या होत्या.

एका सकाळी तिने माझं दार वाजवलं. हातात पिशवी. कुठल्याशा औषधवाल्याने तिला सहा महिन्यांच्या गोळ्या फुकट पाठवल्या होत्या.

"घे. तुझ्याच आहेत."

"तुझ्या नावाने आल्यात. तूच गीळ."

"बर्नडीन, वेडेपणा करू नकोस. तब्येतीचा प्रश्न आहे."

मी दार लावून घेतलं. पिशवी बाहेर तशीच पडली होती. दुपारी बघितलं तर कुणीतरी उचलून नेली होती.

त्यानंतर चौथ्या दिवशी फोन आला. 'खर्च कापा' म्हणणाऱ्या दुसऱ्या पक्षाची बाजू घेणारं जे चॅनल आहे, त्याचा बातमीदार होता. गोड आवाज, मिसेस कोस्को, मिसेस कोस्को करत होता.

"आर्लीन हुडाक तुमच्या शेजारी राहतात ना? त्या कसिनोत जातात असं ऐकलं. त्यांना खरंच रक्तदाब आहे का हो?"

'मला काय माहीत' एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. जिभेवर आलेही होते. पण डोळ्यांसमोर फळ्यावरची ती चित्रं दिसायला लागली.

"तिने आयुष्यात कधी गोळी तोडलेली नाही," मी म्हणाले. "गोळ्या मी तोडते."

पलीकडे तो काहीतरी लिहून घेत होता. मग, "हे कॅमेऱ्यासमोर सांगाल?"

मी निळा ड्रेस घातला. केस सेट करून घ्यायला गावात गेले, कारण शेजारची केस कापणारी आर्लीन तर आता चालणार नव्हती. बातमीदार आला तेव्हा कॉफी केली. वीस मिनिटं बोलले. फळी दाखवली, सुरी दाखवली, एक गोळी कापूनही दाखवली. स्टॅनलीचं सांगितलं, मुलापासून लपवलेलं सांगितलं. वर्षभर जे कुलपात होतं ते भडाभडा बाहेर आलं, आणि खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

सहाच्या बातम्यांत मी आठ सेकंद दिसले. "तिने आयुष्यात कधी गोळी तोडलेली नाही." बस. खाली मोठ्या अक्षरांत 'अर्ध्या गोळीची थाप', आणि माझ्या नावाच्या जागी 'शेजारीण'.

मी त्या बातमीदाराला फोन लावला. "माझं बाकीचं कुठे गेलं? सुरी, गोळी?"

"मॅडम, त्या खोटं बोलल्या ही आमची बातमी आहे."

"आणि मी खरं बोलले ते?"

"ते हॅल्पिनबाईंच्या कामाचं आहे. त्यांना विचारा."

विचारलं. ऑफिसातली मुलगी आधी फार गोड बोलली. मी गोळीचं नाव काढल्यावर म्हणाली, "त्या विषयावर आम्ही आता काहीही बोलत नाही आहोत, मॅम." आणि फोन ठेवला.

फळ्यावरची चित्रं दुसऱ्याच दिवशी गेली. आर्लीनच्या दारावर कुणीतरी लिपस्टिकने 'ढोंगी' लिहिलं. तिने ते स्वतःच पुसलं. मी दाराच्या भोकातून बघत होते. मला आनंद व्हायला हवा होता, आणि थोडासा झालाही.

वॉशिंग्टनमध्ये अगदी शेवटच्या दिवशी दोन्ही पक्षांनी हात मिळवले. छत उचललं गेलं, दोघांनीही आपणच जिंकलो असं सांगितलं. तीन तारखेला नेहमीच्या पाकिटातून नेहमीचा चेक आला. एका पैशाचाही फरक नाही.

गुरुवारी तळघरात एडी जोरात होता.

"मी म्हणत नव्हतो? सगळी नाटकं! घड्याळ खोटं, ती आजीही खोटी. या देशात कोण गोळ्या तोडतंय? कुणी बघितलंय का?"

टेबलावरच्या सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीच तोडत नाही, समोरची एक बाई म्हणाली. टीव्हीवाल्यांनी रचलेलं सगळं, तिच्या शेजारचा म्हातारा म्हणाला.

मी उभी राहिले. "मी तोडते," मी म्हणाले. "गेलं वर्षभर. ती गोष्ट माझी होती."

मग एडीने माझ्या दंडावर थोपटलं.

"बर्नडीन, तुला पुन्हा टीव्हीवर जायचंय होय? रांगेत उभी राहा, बाई!"

हशा पिकला. तो ओसरतोय तोच दाराजवळच्या टेबलावरून आवाज आला. तिथे आर्लीन एकटीच बसली होती. केस विस्कटलेले. ती उठून उभी राहिली.

"ती खरं बोलतेय. तिच्या घरात अर्ध्या गोळ्या मी स्वतः पाहिल्यात."

एडीने टेबलावर हात आपटला. "घ्या! साक्षीदार कोण, तर आर्लीन हुडाक!"

लोक इतके हसले की स्वयंपाकघरातून फादर बाहेर डोकावले. मी खाली बसले. आर्लीन अजून उभीच होती, माझ्याकडे बघत. त्या तळघरात माझ्यावर विश्वास ठेवणारी ती एकटीच होती, आणि तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही याची सोय मीच करून ठेवली होती.